बरणी नंबर सत्तेचाळीस

३ जाने.
सोमवारी तपासणी. प्राणिशास्त्राच्या म्युझियममधल्या बरण्या पुसून काढल्या. नं. ४७, काचस्पंज, खोल समुद्रातला प्राणी. वर गोळा, खाली काचेच्या तारांची पिळलेली दांडी, तिच्यावर तपकिरी खरबरीत फोड. जिल्हा फुटून दोन जिल्हे झाले त्या साली, ९९ले, लॅब अटेंडंट लागलो, तवापासून पाहून राहिलो, मळाचं कीटच वाटे. आज ब्लेडनं खरडलं. अर्धी दांडी लख्ख! मनात म्हटलं, वा रे पठ्ठे.

४ जाने.
नवीन विभागप्रमुख मॅडम (आसगावची पोरगी, मायबाप दुसऱ्याच्या शेतात धानाच्या रोवण्याले जात) बरणी पाहून स्टुलावर बसल्याच. "काका, हे कोनं खरडलं?"
"माहीत नाही." इतक्या वर्षांत विभागप्रमुखाच्या खुर्चीपुढं पयलं खोटं.
मंग मॅडमनं भिंग दिलं हातात. कीट नाही, जीव आहेत. पोवळ्याच्या नात्यातले. खोल समुद्रात अंधार, खाली निसता गाळ, पाय टेकायले जागा नाही. म्हणून काचस्पंजाच्या दांडीले धरून राहतात. एकेकाले तोंड, भोवती बारीक बोटं. हे नेमके कोणते, ते मॅ.लेही माहीत नाही. समुद्रकाठच्या एका तज्ज्ञ बाईंकडे पाठवनार होत्या.
अन् मी त्यायचे तोंडंच खरडून टाकले. हट्!

५ जाने., रवि.
कारध्याले, नदीपल्याड घरीच. जेवन गेलं नाही. सौ. म्हणे, "कायले तोंड पाडून बसले? केलं तर सांगून टाका. खाऊन थोडीच टाकनार हाय ते मॅडम?"
तिले काय जाते बोलाले. रिटायरले सव्वीस दिवस राहिले, अन् जाता जाता हा डाग...

६ जाने.
सायकल पुलावरून दामटली. मॅ. आल्या आल्या सांगून टाकलं. "मीच खरडलं. खोटंही बोललो."
वाटलं, आता प्राचार्यांकडे नेतात. त्या म्हणे, "खरडलेलं कुठं टाकलं?"
म्हटलं, बेसिनात. बाई ओढणी खोचून बेसिनखाली! मी पाना आनला, पाईप खोलला, दोघांनी चहाच्या गाळणीनं गाळ चाळला. काय तो वास! सात सापडले, चार धड. दांडीवर अठरा शिल्लक.
"काका, दुसऱ्या कॉलेजात अशा बरण्या कवाच सुकल्या. ही तुमी फॉर्मॅलिन भरत आले म्हणून तर हाय."
बाप्पा. डोये भरून आले. खिडकीकडे तोंड केलं.
तपासणीवाले बरणीपुढून सरळ निंगून गेले. पाहिलंही नाही.

१० जाने.
पार्सल गेलं. पत्रात माहं नाव, 'जतन करणारे' म्हणून. मॅ.चे उपकार जल्मभर विसरनार नाही. अन् सौ.चेही. "मी म्हटलं होतं ना?" म्हणे. म्हटलं होतं, बाई.

३१ जाने.
शाल, नारळ, भाषणं. कोनाकोनाचे आभार मानावे?
पार्सलचं उत्तर अजून आलं नाही. नवीन जात असन, नाहीतर जुनीच, मॅ. म्हणे सांगता येत नाही. लेबल माह्याच अक्षरात लिहायले लावलं. "काचस्पंज. दांडीवर राहणारे:" पुढं जागा कोरी.
म्युझियमची चावी टेबलावर ठेवली. मॅ.नं उचलून परत माह्या हातात. "उन्हाळ्यात फॉर्मॅलिन उतरते काका. मले जमत नाही तुमच्यासारखं."
एप्रिलात जातो भरायले. नाव आलं तर कोनी लिहू नका, म्हणून बजावून आलो. ते मीच लिहीन.