कमी भरलेले साठ दाणे

आई,

आधी काय झाले ते क्रमाने लिहिते. बाकीचे नंतर.

१. गेल्या महिन्यात आमच्या संशोधन केंद्राने राळेगाव तालुक्यातल्या एका गावात सभा घेतली. प्रश्न एकच होता: पंधरा वर्षांनी इथल्या शेतात काय हवे? उत्तर पाहून येत्या हंगामात केंद्राच्या जमिनीवर कोणते प्रयोग लावायचे ते ठरणार होते.

२. पर्याय दोन होते. एक, दाट पेरायचा आणि यंत्राने वेचायचा कापूस. दुसरा, लवकर निघणारी तूर आणि तिच्यासोबत ज्वारी. प्रत्येक पर्यायाचा एक डबा. प्रत्येक माणसाने तुरीचे पाच दाणे हव्या त्या डब्यात टाकायचे.

३. पाच-पाच दाण्यांच्या एक्कावन्न पुड्या केंद्रातून बांधून नेल्या होत्या, कारण यादीत एक्कावन्न नावे होती. यादी सातबाऱ्यांवरून केली होती. सगळे पुरुष. सगळे आले.

४. यादीत नसलेल्या चव्वेचाळीस बायकाही आल्या. पुड्या उरल्या नव्हत्या. बायकांनी घरून आणलेल्या तुरीतले पाच-पाच दाणे टाकले.

५. केंद्रात परतल्यावर दाणे मोजले नाहीत. दोन्ही डब्यांतल्या दाण्यांचे वजन केले. केंद्राच्या तुरीचे शंभर दाणे किती भरतात ते विचारण्यात आले, सांगण्यात आले, आणि त्यावरून हिशेबाने दाणे काढले.

६. पहिला डबा दोनशे पंधरा. दुसरा दोनशे. कापूस पुढे. अहवाल वर गेला.

७. माणसे पंचाण्णव, प्रत्येकी पाच दाणे, म्हणजे चारशे पंच्याहत्तर. अहवालात चारशे पंधरा आहेत. साठ दाणे कुठे गेले, हे कोणी विचारले नाही.

ते कुठे गेले हे तुला सांगायला नको. केंद्राची तूर टपोरी असते. बायकांनी आणलेली गावरान, बारीक दाण्याची. बारीक दाणा वजनाला कमी भरतो, आणि त्याला टपोऱ्या दाण्याच्या मापाने मोजले की तो संख्येलाही कमी भरतो. बियाण्याच्या खोलीत हंगामभर बसलेल्या कोणत्याही बाईला हे डबा उघडताच दिसले असते. आमच्याकडे पदव्या असलेली पाच माणसे त्या टेबलाभोवती उभी होती. साठ दाणे म्हणजे बारा बायका. आमच्या अहवालात त्या दिवशी बारा बायका सभेला आल्याच नाहीत.

पण त्या आल्या होत्या, आणि कशा आल्या ते तुला कळायला हवे. सभा अकरा वाजताची ठेवली होती, ऐन वेचणीत. सभामंडपात खुर्च्या एक्कावन्न. केंद्राचे साहेब नकाशा दाखवत होते, पंधरा वर्षांनी पाऊस कसा पडेल वगैरे, आणि तेवढ्यात वावरांकडच्या रस्त्याने बायका येताना दिसतात. कमरेला वेचणीची ओटी तशीच बांधलेली. पुढे तुझ्यासोबत बियाण्याच्या खोलीत बसायची ती मावशी. आता केस पांढरे झालेत, चाल तीच आहे. ती त्या गावच्या बचत गटाची अध्यक्ष आहे. साहेबांनी विचारले, "तुमची नावं यादीत आहेत का?"

"यादीत नाई जी," मावशी म्हणाली. "वावरात हाओ."

लोक हसले. साहेबही हसले. मग त्यांनी समजावून सांगितले की पुड्या संपल्या आहेत. मावशीने पदराची गाठ सोडली आणि मूठभर तूर तळहातावर घेतली. "दाने तं आमच्या घरीबी पिकतेत. पाचच टाकाचे ना? का आमचे दाने चालत नाई?" मागून एक तरुण बाई ओरडली, "मशीन कापूस वेचन, मंग आमी काय मशीनले चाय पाजू?" या वेळी पुरुष थोडे कमी हसले.

चव्वेचाळीस जणींनी एकाच डब्यात दाणे टाकले, तुरीच्या. त्यांनी आदल्या संध्याकाळी मावशीच्या अंगणात बसून ठरवले होते. काय बोलणे झाले ते मावशीने मला नंतर सांगितले. पाऊस मध्येच थांबला तर काय टिकेल. ढोरांना कडबा कुठून येईल. यंत्र आले तर ते कोणाच्या वावरात फिरेल आणि कोणाच्या बांधावरून परत जाईल. आमच्या कार्यालयात याला भविष्यवेध म्हणतात आणि त्यासाठी बाहेरून माणूस बोलावतात. त्या बायकांनी स्वयंपाक आटोपून तो केला होता. एक्कावन्न पुरुषांपैकी आठ जणांनीही तुरीच्याच डब्यात पुडी रिकामी केली. तेही मी लिहून ठेवले आहे.

मी अकरा वर्षांची होते. उन्हाळ्याच्या सुटीत तू मला केंद्रावर घेऊन जायचीस, कारण घरी सांभाळायला कोणी नव्हते. बियाण्याच्या त्या लांबट खोलीत तुम्ही सात-आठ जणी भिंतीला पाठ लावून बसलेल्या, समोर सूप, आणि हवेत तुरीचा कोंडा. उगवण तपासायला शंभर-शंभर दाण्यांचे ढीग करायचे काम तू मला दिले होतेस. मी हुशार होते. पहिले शंभर मोजले, खिडकीतल्या छोट्या काट्यात टाकले, आणि पुढचे सगळे ढीग त्या वजनाबरोबर तोलून केले. तासाभराचे काम दहा मिनिटांत झाले. मला वाटले होते तू शाबासकी देशील. तू दोन ढीग बोटाने पसरवलेस. एका पोत्यातला दाणा मोठा होता, दुसऱ्यातला बारीक. तू माझे सगळे ढीग सुपात एकत्र केलेस आणि सूप माझ्या मांडीवर ठेवलेस. "निवड आता. मंग मोज."

मी रडत विचारले, "काहून? वजन तं बरोबर हाय."

"काट्याले काय समजते दाना कोनाचा हाय थो?"

संध्याकाळ झाली तरी मी निवडत होते. तू शेजारी बसून राहिलीस, एकही दाणा उचलून दिला नाहीस. पुढच्या महिन्यात तू मला सुताराकडून एक फळी करून आणून दिलीस, दहा ओळी, ओळीत दहा खळगे. दाणे पसरायचे, फळी हलवायची, प्रत्येक खळग्यात एक दाणा बसला की शंभर. केंद्रात तशी एकच होती आणि तिला हात लावायची मला परवानगी नव्हती. ही माझी स्वतःची. ती माझ्यासोबत शाळेत आली, वसतिगृहात आली, विद्यापीठात आली. मुली विचारायच्या, हा कसला खेळ आहे.

आणखी एक दिवस मला आठवतो, त्याच खोलीतला. दोन गावांहून आलेले बियाणे जागा कमी आहे म्हणून एकाच पोत्यात भरा असा वरून निरोप आला. तुम्ही सूप खाली ठेवलेत. घोषणा नाही, भांडण नाही, सगळ्या जणींनी एकाच वेळी सूप खाली ठेवले आणि डबे उघडून भाकरी खायला लागलात. दुपारी अधिकारी आले. ते तुझ्याकडे बघून म्हणाले, बाई, तुला काय फरक पडतो? तू उठून उभी राहिलीस. "मले नाई पडत, साहेब. पुढच्या साली ज्याचं उगवनार नाई, थो इचारन ना, कोनाचं बी खराब होतं. त्याले काय सांगाचं?" पोती वेगळी राहिली. त्या अहवालात कोणाचेही नाव नव्हते, तुझे तर नव्हतेच, पण त्या वर्षीचे आकडे आजही वापरता येतात, आणि ते मी वापरले आहेत. माझ्या प्रबंधात. तू जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

आता मी त्याच केंद्रात कंत्राटी संशोधन सहायक आहे. बियाण्याची खोली पाडून तिथे बैठकीची खोली केली आहे, थंड हवेची. अहवालाची बेरीज माझ्या नजरेस आली तेव्हा मी दोन्ही डबे कपाटातून काढले आणि तुझ्या फळीवर मोजले. दोनदा. पहिला डबा दोनशे पंधरा, सगळे टपोरे. दुसरा दोनशे साठ, चाळीस टपोरे आणि दोनशे वीस बारीक. मी कागद घेऊन साहेबांकडे गेले.

"साठ दाणे?" ते म्हणाले. "मॅडम, तेवढे तर पोतं उचलताना सांडतात."

मी म्हणाले, निकाल उलटा आहे.

"निकाल कसला? दाणे टाकायला लावले ते लोकांना सहभागी वाटावं म्हणून. आणि त्या बायका यादीत नव्हत्या. घरचे दाणे घेऊन आल्या. शिवाय ठरवून आल्या होत्या. ते काय मत झालं?"

मी विचारले, विद्यापीठाच्या समितीवरचे लोक बैठकीला येण्याआधी आपसात ठरवतात, ते काय असते? त्यांनी चष्मा काढून ठेवला. नरम आवाजात म्हणाले, "अहवाल वर गेला आहे. मी आता काय लिहू? मोजताना चुकलो?"

"हो."

"तुमचं कंत्राट या महिन्यात संपतं ना?"

मी हो म्हणाले आणि बाहेर आले. शुक्रवारी जमिनीच्या वाटपाची बैठक आहे. एकदा प्रयोगाची जमीन कापसाला गेली की पुढची काही वर्षे लवकर निघणाऱ्या तुरीला कोणी हात लावणार नाही. वाण एका हंगामात तयार होत नाही, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, साहेबांनाही माहीत आहे. म्हणून मला राग त्या चुकीचा तेवढा नाही. चूक कोणाचीही होते. राग याचा आहे की ज्यांना आम्ही बोलावले नव्हते त्या मजुरी बुडवून आल्या, पुढचा विचार करून आल्या, आपले दाणे आपण घेऊन आल्या, आणि आम्ही त्यांना आमच्या दाण्याच्या मापाने मोजले. चूक दाखवली तेव्हा ती दुरुस्त करण्यापेक्षा त्या बायका मोजण्याजोग्या नव्हत्याच, असे म्हणणे आम्हाला सोपे वाटले.

रविवारी मी एसटीने मावशीकडे गेले. तिने ऐकून घेतले. मधे एकदा उठून ढोरांना पाणी दाखवून आली, परत बसली. म्हणाली, "तुझी माय असती तं तिथंच मोजून घेतलं असतं. तुमी येवढ्या शिकल्या, बाप्पा, न् काट्यावर इस्वास ठेवला." मग म्हणाली, पत्र लिही, आम्ही सगळ्या सह्या करतो. "पन पयली सही तुझी. आमी काय, वावरात जातो उद्या. तुले त्या हापिसात जा लागते."

मग तिने तो प्रश्न विचारला. "शंभर दान्याचं वजन कोनं सांगतलं त्याईले?"

मी म्हणाले, "ऑफिसातल्या कोणीतरी."

वर पाचव्या मुद्द्यातही मी तेच केले आहे. विचारण्यात आले, सांगण्यात आले. आई, वजन मी सांगितले. साहेब काट्याजवळून ओरडले, आपल्या तुरीचं शंभरी वजन किती? मी संगणकावरून मान वर न करता आकडा दिला. तो आकडा अचूक होता. मला तो पाठ आहे याचा मला अभिमानही वाटला. डब्यात कोणाचे दाणे आहेत हे मला माहीत होते, कारण बायका ते टाकत असताना मी तिथे उभी होते. सुपातले दाणे निवडून निवडून मी जे शिकले होते, ते मला त्या क्षणी आठवले नाही. आणि बेरीज नजरेस आल्यावरही मी बोलायला चार दिवस घेतले.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. दुसरे आहे, केंद्राला लिहिलेले, ते टेबलावर आहे. त्यात हेच मुद्दे आहेत, फक्त पहिला बदलला आहे. पहिला मुद्दा असा: बायकांच्या दाण्यांसाठी चुकीचे वजन मी दिले. उद्या सकाळच्या एसटीने मी ते मावशीकडे नेणार आहे. सह्या करण्याआधी बायका ते मोठ्याने वाचून घेतील, म्हणजे मी रविवारी खोटे बोलले हे तिला सगळ्यांसमोर कळेल. पहिली सही मी आजच केली आहे. शेवटची दोन वाक्ये तीन वेळा लिहिली आणि पुन्हा साधीच ठेवली, ती तुला वाचून दाखवते:

दोन्ही डबे मोहोरबंद करून ठेवले आहेत. ते आमच्यासमोर मोजून दुरुस्त आकडे शुक्रवारच्या बैठकीपुढे ठेवणार की नाही, हे येत्या गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत लेखी कळवावे.