श्रावणाच्या आत माळढोक

१२ जुलै १९८६, शनिवार
पाऊस नाही. धाब्यावर ट्रकही कमी. दुपारी सोलापूरच्या कॉलेजातले शिवलिंगप्पा सर आणि मंडळी जेवायला. मी गल्ल्यावर, कान त्यांच्या टेबलावर. मागच्या गायरानात माळढोकाची मादी अंड्यावर बसली आहे म्हणे. मोठं पाखरू, अंडं मात्र एकच घालतं. सर सांगत होते, प्रवास असा करावा की पाखराला त्रास नाही आणि गावाचंही पोट भरेल.
गाव म्हणजे मीच की. ट्रकवरच्या क्लीनरचा या धाब्याचा मालक झालो, तो असलेच शब्द झेलून.
उठताना त्यांना गाठलं. अटी: लांबून बघायचं, गाडी डांबरीवरच, आवाज नको, काम गावच्याच माणसांना. पिल्लू चालायला लागलं की बघायला येणारे पाहुणे जेवायला तुमच्याकडंच आणतो, म्हणाले. सगळ्याला हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

१५ जुलै
माळढोक संरक्षण व दर्शन सहकारी संस्था (नियोजित). चेअरमन मी. व्हाइस चेअरमन मेहुणा धुळाप्पा. संचालक बायको, पोरगा, साडू. सगळे स्थानिक.

१८ जुलै
पहिला ठराव: गायरानात चराई बंद. चारतं कोण, तर हरणाबाई. नवरा गेल्यापासून चार शेळ्यांवर घर चालवते. रडेल वाटलं होतं. रडली नाही. म्हणाली, आण्णा, ते पाखरू माज्या शेळ्यांला भीत न्हाय, तुमच्या फटफटीला भितंय.
अडाणी. निसर्गासाठी त्याग करावा लागतो, हे शांतपणे समजावलं. माझाही वेळ जातोच आहे.

२५ जुलै
हरणाबाईकडं चारा संपला. दुष्काळात शेळ्या बाजारात कुणी विचारीना. मीच घेतल्या, पडत्या भावात. गावाला आधार ही सरांची अट पूर्ण. बायको म्हणाली, दावं सोडताना बाईचा हात सुटत नव्हता, बघवलं न्हाय.
बायकोला संचालक मंडळातून काढता येतं का, विचारणे.

२७ जुलै
उद्घाटनाशिवाय संस्था कसली? साखर कारखान्याचे डायरेक्टर तात्याराव यायला तयार. पण जेवण मटणाचं पाहिजे म्हणाले, म्हणजे श्रावण लागायच्या आत. आखाड तर संपत आला. पिल्लू अजून अंड्यात. सरांना कळवलं नाही. प्रोफेसर लोकांना आखाड कळत नाही.

३ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळ
उद्घाटन झकास. मांडव गायरानातच घातला. आवाज नको ही अट पाळली, कर्णा एकच लावला. हलगीवाले वेगळे. जिपा डांबरीवरच थांबवणार होतो, पण तात्याराव म्हणाले, गुडघे धरलेत, जवळ जाऊन बघू. मोठ्या माणसाला ढेकळांतून चालवणं बरं दिसत नाही. मादी उडाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्यारावांनी भाषणात तिला शुभेच्छा दिल्या.
मटण कमी पडलं. चारही शेळ्या संपल्या. भांडी घासायला हरणाबाईलाच बोलावलं, रोजगार गावातच राहिला. एका पातेल्यापाशी बाई फार वेळ बसून होती. कामाला आळशी.

४ ऑगस्ट
मादी परतली नाही. धुळाप्पाला बघायला पाठवला. अंडं सापडलं म्हणाला, जिपेच्या चाकोरीत, टरफलासकट चेपलेलं. मी म्हटलं, आधीच उबून फुटलं असंल. म्हणाला, व्हय दाजी, जीपच बसली हुती की उबवायला.
व्हाइस चेअरमनपद रिकामं करणे.

६ ऑगस्ट
श्रावण लागला. सर आले, गायरान फिरले, आणि समोरच्या धाब्यावर जाऊन चहा प्याले. मी गल्ल्यावरून इतके कान लावले, पण त्यांनी माझं नाव काढलं नाही.

१० ऑगस्ट
खचायचं नाही. किल्ल्याकडच्या रानात मोर आहेत असं एक ड्रायव्हर म्हणत होता. नवी संस्था काढतो. हरणाबाई आता रोज भांड्यांना असते. तिला खुशीत सांगितलं, बाई, या खेपेला तुलाही संचालक करतो. ताट विसळता विसळता म्हणाली, करा की. पर आण्णा, तिकडं शेळ्या कोन राखतंय तेवडं आदी सांगा. त्या बाईला सांगून येते, भाव हाय तवर इकून टाक म्हनून.
बाईला संस्थेचं काम समजायला लागलंय.