बारा खोल्यांची बारा छिद्रं

२ डिसेंबर १९५७, सोमवार

अंबडहून हिरडेगाव अडीच तास. त्यातला अर्धा तास आम्ही उतारूंनी बस ढकलली, तेव्हा मी बसनं आलो की बस माझ्यानं आली, हा वादाचा मुद्दा आहे. पाठशाळा बंद पडली म्हणून पन्नाशीला टेकलेला मी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून स्वच्छता निरीक्षक झालो. इतकी वर्षं विद्यार्थ्यांचे विसर्ग तपासले, आता गटारांचे तपासीन.

जिनिंगच्या मजुरांसाठी नगरपालिकेनं बारा खोल्यांची एक ओळ बांधली आहे. तिच्यातला नऊ नंबर मला मिळाला. चुना ताजा, दार भक्कम, समोर लिंबाची सावली. दाराच्या आतल्या बाजूला तपासणीचं कार्ड खिळ्याला लटकवलेलं. सतरंजी अंथरली, बैठं मेज मांडलं, संसार लागला.

शेजारी आठ नंबरात गोजरबाई. जिनिंगात कापूस निवडते. मुलगा वडीगोद्रीकडं रस्त्याच्या कामावर, घरात सून उषाबाई, दिवस भरत आलेली. मी तपासणीला आलो, पण आधी गोजरबाईनंच माझी तपासणी केली: बायको न्हाई आणली, मंग भाकर कोण थापणार, का पुस्तकंच शिजवून खाता? मी म्हणालो, ती कच्चीच चघळून झाली. हसली, आणि जादाची बाज देऊ केली. जमिनीवर झोपणं गुरुगृहापासून अंगवळणी पडलंय, असं सांगून मी नको म्हटलं. तिचं हसू एकदम गेलं. इथं भुईवर कोणी झोपत न्हाई सायब, इतकंच बोलून आत गेली.

४ डिसेंबर

पहिली तपासणी. एकवीस तारखेला मुंबईहून मोठे साहेब येणार. प्लेगच्या धास्तीनं नवे नियम कडक आहेत: जमिनीलगत छिद्र नको, उंदरांना आसरा नको. नापास झालेली खोली रिकामी करून घ्यायची.

बाराही खोल्यांच्या मागच्या भिंतीला, अगदी जमिनीला टेकून, वीतभर रुंद छिद्र आहे. पहारेनं पाडलेलं. माझ्याही खोलीला. शिवाय प्रत्येक बाजेच्या खुरांखाली तीन-तीन विटा.

धूर दिसला की अग्नीचं अनुमान करावं, असं आम्हांला शिकवलं. मी छिद्र पाहून चोराचं केलं. मागं अरुंद गल्ली, पलीकडं जिनिंग. कापसाचं बोचकं सरकवायला कितीसा वेळ? पालिकेचा मुकादम रखमाजी माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतो आणि नजर भिंतीवर ठेवतो. फार खोदलं तेव्हा म्हणाला, भोकं हवेसाठी हायेत. मी खिडकी दाखवली. म्हणे, ती हवा येगळी.

७ डिसेंबर

जुनी कार्डं चाळली. माझ्याआधी शिवनारायणजी म्हणून निरीक्षक होते. गेल्या जानेवारीत त्यांनी सगळी छिद्रं बुजवून घेतली. सहा दिवसांनी वारले. याच नऊ नंबरात. दाखल्यावर हृदयविकार. दहन झालं त्याच संध्याकाळी बाराही छिद्रं पुन्हा पाडली गेली. एवढी घाई कशाची? त्या हृदयविकारावर माझा विश्वास बसेना.

रखमाजीला विचारलं. तो म्हणे खाली जुनी बारव आहे. वीस वर्षं गावाचा उकिरडा तिच्यात गेला, मग मुरूम लोटून वर खोल्या उठवल्या. आभाळ आलं की बारव श्वास सोडते. तो भुईनं सरपटतो, म्हणून त्याला वाट लागते. गोजरबाईला विचारलं, तेच. चार नंबरातल्या कचरू गवंड्याला विचारलं, तेच. इतकी एकवाक्यता मला पाठांतराच्या परीक्षेतही कधी मिळाली नाही. हे सगळ्यांना कोणी पढवलं?

१० डिसेंबर

उषाबाईला मुलगी झाली. गोजरबाई गूळ घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. तिचं म्हणणं, बाकीची अकरा खुशाल बुजवा, आमचं एक ठेवा. बाळंतीण बारा दिवस दार लावून आत पडून राह्यणार, ती कुठं पळणार? मी म्हणालो, नियमाला शेजारधर्म नसतो. आणि नापास झालात तर खोली जाईल. त्यावर ती म्हणाली, मंग दोघींचा जीव तुमच्या सहीवर सायब.

विनवणी होती की धमकी, नीट ओळखू आलं नाही. गूळ खाल्ला नाही.

१२ डिसेंबर

कचरूनं सिमेंट घालून बाराही छिद्रं बुजवली. माझं मी दुप्पट जाड भरून घेतलं, शिवनारायणजींची आठवण ठेवून. विटाही काढायला लावल्या. बाया ओट्यावर उभ्या राहून पाहत होत्या. एरवी माझ्या धोतरापासून शेंडीपर्यंत सगळ्यावर बोलणाऱ्या, आज काढलेल्या विटा मोजत होत्या. बारा कार्डांवर सह्या केल्या. माझ्या दाराला आतून नवी कडी बसवली.

१४ डिसेंबर

डोकं जड. लिहायला बसलं की जास्त, उभं राहिलं की उतरतं. गोजरबाईनं दिलेली भाजी बंद केली.

गल्लीतलं कुत्रं पायरीपर्यंत येतं. उंबऱ्याशी हुंगतं आणि मागं सरतं.

१६ डिसेंबर

सकाळपासून आभाळ. दुपारी गोजरबाई पेटती चिमणी दोरीला बांधून आली. माझ्या उंबऱ्याच्या आत ती हळूहळू खाली सोडली. कमरेला ज्योत नीट. गुडघ्याला बारीक. घोट्याशी विझली. वारा नव्हता. पुन्हा पेटवली, पुन्हा तिथंच विझली. मी म्हणालो, वात ओली असेल. ती म्हणाली, शिवनारायण सायबबी हेच म्हणले होते.

तिच्या घरात मूल रडत होतं. दोरी गुंडाळत ती तिकडं गेली.

१७ डिसेंबर

स्वतःच्या आगकाड्या, स्वतःच्या हातानं. सकाळी घोटा. दुपारी गुडघा. भिंतीवर पेन्सिलीनं रेघा मारल्या. वरची रेघ सतरंजीवर निजलेल्या माणसाच्या कितीतरी वर आहे. विटांवाचूनच्या बाजेच्याही.

ते खरं बोलत होते. सगळेच.

कचरू अंबडला गेला आहे, परवा येईल. पहार रखमाजीकडं. मागायला गेलो तर ओळभर हसतील. सही केलेली कार्डं खोडायची म्हणजे वर कळवावं लागेल. उद्या करतो. उषाबाईला तेवढं ओट्यावर निजायला सांगितलं. आतून म्हणाली, बाळंतिणीला वारं चालत न्हाई.

मी मात्र ओट्यावर झोपलो. उकडत होतं, असं सांगितलं. डिसेंबरात.

१८ डिसेंबर, दुपार

आभाळ खाली आलंय. सगळे जिनिंगात. मी फक्त अहवाल लिहायला आत आलो. सही खोडताना कोणी पाहू नये म्हणून कडी लावली. दहा मिनिटांचं काम—

मेजाशी काडी पेटत नाही. तीन विझल्या.

पलीकडं मूल रडतंय. बारीक. उषाबाईला हाक मारली, ओ नाही. तिला बाहेर काढायला हवं—

उठलो. कडी काढली. आठ नंबरचं दार ठोठावलं, ऊन डोळ्यांवर आलं—

ऊन कसं. आभाळ आहे. मी इथंच आहे. लेखणी हातात.

पुन्हा उठलो. या वेळी नक्की. गार फरशी लागली पायां—

सतरंजीवरच बसलोय.

रडणं थांबलं.

थांबलं. माझी सही आहे त्या का—

घाव. मागच्या गल्लीत पहारेचा घाव. गोजरबाईचा आवाज, रखमाजीचा. जेवणाची सुट्टी झाली असेल. आठ नंबरची भिंत. आधी तिचीच, बरोबर आहे. घाव. घाव. माती पडली.

मूल रडलं. मोठ्यानं. आईचाही आवाज. बरं झालं. फार बरं—

आता माझं दार बडवतायत. कडी काढा सायब, कडी काढा म्हणतायत. काढली.

काढली की—

नाही. हात अजून कागदाव