ह्यांना ऐकवायचं पुस्तक

गुरुवार, १२ डिसेंबर १९५७

पहिली आली ती धुरपता. सेलूहून निघालेली पुस्तकांची गाडी वालूरच्या वेशीत असंल नसंल, शेजारीण आमच्या ओसरीवर पाय पसरून बसलेली, जसं काही पाव्हणे तिचेच. मग आले किशनराव, परभणीच्या वाचनालयाचे. डोळ्याला जाड भिंगं. मागून त्यांचा गडी चंद्रभान, पुस्तकांच्या पेटीखाली वाकलेला.

पेटी आमच्याच घरी ठेवायची ठरली. प्रौढ वर्गात मी पहिली आले म्हणून. बाया दोनच होतो आन् धुरपतानं मधीच सोडलं, पण पहिली ती पहिली.

मी म्हणलं, मला एक थोर पुस्तक पायजे. कारण बी सांगितलं. ह्यांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवंना. लेक ग्यानबा म्हणाला, बैल विकणार न्हाई. कावळा ढिम्म. सून कस्तुरा म्हणाली, आत्याबाईला नीट सांभाळीन. कावळा उलट लांब जाऊन बसला. शेवटी मी म्हणलं, अवो, तुमाला एक थोर पुस्तक वाचून दाखवीन, पार शेवटापस्तोर. झडपच घातली.

ते वचन पुरं होईस्तोर हे कुठं जायलेत? रोज दिवेलागणीला ओसरीच्या कोपऱ्यात खोकतात. मला एकटीलाच ऐकू येतं. भ्यायचं काय त्यात? जन्मभर तोच खोकला ऐकला. मला तर लय बरं वाटतं. पण वचन ते वचन. लवकर मोकळं करायचं त्यांना, हे पक्कं.

किशनराव नाडी बघितल्यासारखं विचारायलेत. नाव काय? मी कसं घेणार? सुनेनं सांगितलं, दत्तराव. काय करायचे? निजामाच्या राज्यात उर्दू कागद वाचून द्यायचे, सगळं गाव ह्या ओसरीवर. मग कचेरीत मराठी आलं. कोणी येईना. हे चष्मा पुसत बसायचे. किशनराव पेटीकडं वळले. म्हणाले, आजी, मी निवडून देऊ का? ज्याला त्याला ज्याचं त्याचं पुस्तक लागतं. मी म्हणलं, राहू द्या, मला कळतंय. गाभण शेळी उचलून पारखणारी बाई मी. पेटीतलं सगळ्यात जड ते काढलं.

सोमवार, १६ डिसेंबर

जड पुस्तक खताचं निघालं. कंपोष्ट खड्डा कसा खणावा. हे सारखे खोकायलेत. आवडलेलं दिसतंय.

धुरपता म्हणाली, बाई, ह्याला तर जिता माणूस बी उठून जाईल. तिला साहित्यातलं काय कळतं?

शुक्रवार, २० डिसेंबर

शेवटचा धडा किड्यांवर हाय. मेलेल्या माणसाला किडे वाचून दाखवायचे का? बंद केलं. थोर न्हवतंच ते.

रविवार, २९ डिसेंबर

आता धुरपताच्या सल्ल्यानं दुसरं पुस्तक. वर घोड्यावरची राणी, हातात तलवार. लढाई आली की हे खोकायचं थांबतात. लढाई सरली की पुन्हा सुरू. एका आठवड्यात पुरं करायचं ठरवलं हाय. देवापुढं सांगितलं.

शनिवार, ४ जानेवारी १९५८

पुस्तक पुरं झाल्यातच जमा. दोन पानं राहिलीत. परवा दिव्यातलं तेल सरलं. काल डोळ्याला पाणी. आज शनवार, शनवारी काही संपवू नये.

कस्तुरा म्हणाली, आत्याबाई, त्या राणीला घोड्यावर किती दिवस ताटकळत ठेवता? उतरू द्या की बिचारीला. जीभ लय लांब हाय तिची.

हे अजून इथंच हाईत, म्हंजे खोट पुस्तकातच. वाचायचं राहिलं तर राहिलं, मी कोपऱ्याकडं तोंड करून गल्लीतल्या खबरा सांगते. मुंजाजीची म्हैस, सोयऱ्यांची भांडणं. हे अधूनमधून खोकतात. जित्तेपणी एवढं ऐकत न्हवते.

गुरुवार, ९ जानेवारी

पाव्हणे आले. किशनरावांनी दोन्ही पुस्तकं उलटून बघितली. नव्या पुस्तकाची पानं कडेला जोडलेली असतात, वाचताना फाडावी लागतात. दोन्हीची शेवटची पानं जोडलेलीच. त्यांनी पुस्तकं मिटली. कोपऱ्याकडं बघितलं. तिथं ह्यांची घोंगडी.

मग पेटीतलं न्हाई, आपल्या पिशवीतलं एक पुस्तक दिलं. एवढं पातळ की चुलीत घातलं तर चहा बी उकळायचा न्हाई. नावाड्याची गोष्ट म्हणे. मी म्हणलं, आमची नदी उन्हाळ्यात आटती, ह्यांना नावाड्याचं काय कौतुक? ते म्हणाले, आजी, एका बैठकीत वाचा. ह्याची पानं मी आधीच फाडून ठेवलीत.

शिकलेल्यांचा मान म्हणून ठेवून घेतलं.

शुक्रवार, १० जानेवारी

ठरलं. रोज दहा ओळी. पातळ असलं तरी पाऊसकाळापस्तोर पुरतं.

शनिवार, ११ जानेवारी

संपलं.

माझा काही दोष न्हाई. दहा ओळीच वाचणार होते. नदीवर पूल झाला, लोक वरून जायलेत, खाली नावाडी नाव बांधून बसलेला. कोणाला हाक मारीना. रोज वल्ही पुसून ठेवायचा. मग एक बाई येऊन नावेत बसली. म्हणाली, मला पलीकडं न्हाई जायचं, नुसती बसते. पुढं काय हुतंय म्हणून पान उलटलं. पुन्हा उलटलं. मग कोरं पान आलं.

सगळं वाचून होईस्तोर हे एकदा बी खोकले न्हाईत. त्या बाईच्या बोलण्यापाशी नाकातून हसल्यावाणी झालं. ते हसू मी वळखते. मग काहीच न्हाई. कस्तुरा चुलीपाशी पदरानं डोळे पुसायली, धूर म्हणाली. चूल तर विझलेली.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

तीन दिवस झाले, खोकला न्हाई. थंडी उतरली, बरा झाला असंल.

वाणाच्या बाया आल्या, सुनेला कुंकू लावून गेल्या. दिवेलागणीला कोपऱ्याकडं तोंड करून सगळ्या खबरा सांगितल्या. म्हशीची बी सांगितली, पुन्हा. कस्तुरा आली आन् तिथंच घोंगडीवर बसली. म्हणाली, सांगा आत्याबाई, म्हशीचं पुढं काय झालं? मी म्हणलं, तुला न्हाई सांगायले.

किशनरावांना सांगणार हाय, तुमचं पुस्तक काही जमलं न्हाई. ह्यांना पसंत पडलं न्हाई. दुसरं द्या, चार भागांचं, जाड. आन् पानं आधी फाडू नका.

तेवीस तारखेला, गुरुवारी येतो म्हणालेत.