पुण्याच्या आवाजातलं आमचं गाणं

३ जून
आजचं रेकॉर्डिंगही फुकट. तिरुवैयारुला सेल्वमच्या काकांच्या गोदामात गाद्या उभ्या करून स्टुडिओ केलाय. पंखा लावला तर त्याची घरघर गाण्यात येते, बंद केला तर घामानं हेडफोन घसरतात. त्यात सेल्वमच्या तविलाचा, देवळातल्या त्या ढोलाचा, आवाज माझ्या माइकात शिरतो. अरुल म्हणे, तविल काढू, नुसते ड्रम्स ठेवू. बँड त्याचा, गिटार त्याची, चिडचिडही त्याचीच. सेल्वम देवळांत, लग्नांत वाजवणारा माणूस. गळ्यातला पट्टा काढून गुमान कॉफी प्यायला गेला. मीच भांडले. आल्बम पहिलाच, त्यातून तविल काढलं तर आमचं म्हणून उरतं काय? शेवटी राहिलं.

८ जून
मराठी गाणं झालं एकदाचं. बाकी गाणी आस्की तमिळ, हे एकच आमचं. घरात बोलतो तसंच लिहिलंय:
आस्की गेले, बोलूला कोण नाही.
अप्पांना ऐकवलं. म्हणाले, घरातलं बोलणं गिटारवर कसाला? आणि टीव्ही लावला.

१९ जून
फाइली चेन्नईला मिक्सिंगला गेल्या. अरुलनं मला न विचारता पुण्यातल्या मित्राला गाणं पाठवलं होतं. त्याचं उत्तर आलं: ‘आस्की’ असा शब्द नाही, ‘सगळे’ म्हणा. ‘बोलूला’ चूक, ‘बोलायला’ हवं. अरुलला सांगितलं, चूक नाही, तंजावूरला आम्ही मराठी लोक असंच बोलतो. तो म्हणाला, घरी मीही कसंही बोलतो, रेकॉर्डवर नीट म्हणतो. इथल्यांना कळत नाही, तिथल्यांना चूक वाटतं. मग मी गाऊ कोणासाठी?

२ जुलै
ऑफिसला जाताना बसमध्ये मिक्स ऐकला. माझ्या गाण्यात माझा आवाज नाही. फाइलीच्या नावात लिहिलंय, कोणीतरी पुण्याची ऋचा गातेय: सगळे गेले, बोलायला कोणी नाही. खाली तविल तेच, गिटार तीच.
आणि सुंदर गाते. वाईट गात असती तर बरं झालं असतं.
स्टॉप चुकला. उन्हात मागं चालत येता येता अरुलला फोन केला. तो म्हणाला, महाराष्ट्रातही ऐकतील गं, आणि गीतकार म्हणून नाव तुझंच आहे. मी विचारलं, “माझा आवाज काढताना मला विचारावंसं वाटलं नाही?”
“तू नाही म्हणाली असतीस,” म्हणाला.

३ जुलै
सेल्वम घरी आला. म्हणतो, तुझा आवाज नसेल तर माझं तविलही काढा म्हणून अरुलला सांगतो. मी त्याच्यावरच ओरडले. त्याचं तविल प्रत्येक गाण्यात आहे, ते गेलं तर आल्बमच गेला. बिचारा कॉफी अर्धी टाकून उठला. चांगलं वागणाऱ्यावरच राग निघतो माझा.
अप्पांनी आतून सगळं ऐकलेलं. इयरफोन मागून घेतला, पुण्याचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं.
“चांगली गाते. पण आमच्या घरात असं कोण बोलतं?”
मग हे जूनमध्ये का नाही म्हणालात, असं विचारूला हवं होतं.

५ जुलै
अरुलला उद्या पक्कं उत्तर हवंय. माझा आवाज, ऋचाचा, की गाणंच काढायचं. दुपारपर्यंत माझं ठरलं होतं: काढूनच टाक.
संध्याकाळी ऋचाचा फोन. नंबर अरुलनंच दिला असणार. भांडायच्या तयारीत उचलला. तिला वाटलेलं, आधीचा आवाज नुसता चाल दाखवायला होता. शब्द तिच्याकडे बदलूनच आले होते. काल कोणीतरी मूळ फाइल पाठवली, तेव्हा कळलं. माफी मागितली. “तुमचेच शब्द म्हणते परत. मला शिकवाल?”
माझे शब्द, तिचा गळा. गाणं माझ्यापेक्षा चांगलं होईल, तेही मला ठाऊक आहे. नाही म्हणायला कारण सापडेना. हो म्हणवेना.
तिनं हळूच म्हणून पाहिलं, “बोलूला.”
पहिल्याच वेळी बरोबर.
उद्या सांगते म्हटलं.