खिशात हात

आबा,

आज मशीनची जाळी साफ करताना पुन्हा तुमचा संताप आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो ओला लगदा बोटांना लागला की तुमचंच तोंड आठवतं.

गल्लीत वॉशिंग मशीन पहिलं आपल्याकडे आलं. शिरोलीच्या फाउंड्रीत तुम्ही सुपरवायझर झालात, त्या खुशीत आणलंत. पेढे वाटलेत आणि आईला म्हणालात, "आता तुला काय काम हाय? बटन दाबायचं आन् बसायचं." बसली कधी ती? टबाच्या आत जाळीची एक पिशवी होती, कपड्यांची सुटलेली लव तिच्यात जमायची. आई ती रोज उलटी करून धुवायची, तरी कपड्यांवर पांढरे कण यायचेच. येणारच. खिसे तुम्ही कधी रिकामे करत नव्हता आणि आईला दम भरून ठेवला होता, "बाईमाणसानं बाप्याच्या खिशात हात घालायचा न्हाई." मग एसटीची तिकिटं, तंबाखूच्या पुडीचा कागद, कसल्याकसल्या चिठ्ठ्या, सगळ्याचा पाण्यात चोथा व्हायचा आणि घरभराच्या कपड्यांना चिकटायचा.

ताईला बघायला आजऱ्याचे पाहुणे आले तो दिवस मी विसरणार नाही. तुम्ही काळा सफारी घालून बाहेर आलात आणि पाठभर पांढरं. पाहुण्यांदेखत ओरडलात, "सोन्यासारखं मशीन आणून दिलंय, तरी कापडं धुता येत न्हाईत हिला!" आई हात ओला करून तुमच्या पाठीवरचे कण टिपायला लागते. पाहुणे बशीत चहा ओतून बघतायत. माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "आबा, तुमच्याच खिशातलं हाय ते." तुम्ही डोळे वटारलेत, ते मी सोसलं असतं. पण आईच म्हणाली, "गप गं. माझंच चुकलं की." चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासीच मान पुढे करतोय! त्या दिवशी मला तुमची लाज वाटली, आबा. आजही वाटते.

तुम्ही गेलात. दिवसकार्य झाल्यावर आईनं तुमचा शेवटचा सदरा धुवायला काढला. मी म्हटलं, "आई, खिसा बघ आधी." तर म्हणाली, "नको बाई. त्यास्नी आवडत न्हाई." आवडत नाही! सदरा तसाच मशीनमध्ये गेला. नंतर दुपारभर ती आपल्या लुगड्यावरचे कण वेचत बसली, आणि मला तुम्हा दोघांचा इतका राग आला की मी जेवले नाही.

माझ्या घरी मी नवऱ्याचे, पोराचे खिसे उलटे करून झटकते. कुणाची बिशाद नाही बोलायची. पण आई गेल्यावर तुमचा तो काळा सफारी माझ्या कपाटात आला. त्याच्या खिशात काहीतरी आहे, वरून हाताला लागतं. अजून मी आत हात घातलेला नाही.