सही नाही तर पोळी नाही

१४ जानेवारी २०२६, बुधवार

हरिसिंगने माझा इतिहास वकिलाला दिला!

तिळगूळ घेऊन आला होता. संस्थेचा सचिव झाल्यापासून बूट न काढताच आत येतो. मुलींच्या वसतिगृहाला पन्नास वर्षं होतात म्हणून त्यानेच माझ्याकडून हा इतिहास लिहून घेतला. ‘सत्तावीस वर्षं रेक्टर होत्या तुमी, मॅडम, दुसरं कोन लिहीन?’ मी लिहिलं. अकरा पानं, रजिस्टर समोर ठेवून. १९७६ साल, सैफुद्दीन शेठने दिलेली कापसाची वखार, पहिल्या अकरा मुली, रुळाचा तुकडा टांगून केलेली सातची घंटा. आणि नवव्या पानावर, रजिस्टरात आहे तसंच — ‘ऑक्टोबर २००४ ते एप्रिल २००५ पाणीटंचाईमुळे वसतिगृह बंद होते.’

त्याला एवढंच वाक्य हवं होतं. शेठच्या दानपत्रात अट आहे — सलग सहा महिने एकही मुलगी राहत नसेल, तर जागा संस्थेने हवी तशी वापरावी. जागा हायवेला लागून. संस्थेला मंगल कार्यालय काढायचं आहे.

‘तुमचंच तं लिहेल हाये, मॅडम. मी काय मनानं बनवून राह्यलो का?’

२ फेब्रुवारीला सभा. तिळगूळ तसाच पडलाय.

१५ जानेवारी

ते वाक्य खोटं आहे.

१७ जानेवारी, शनिवार

लिहून टाकते. निदान इथे तरी.

त्या वर्षी विहीर आटली. संस्थेचा आदेश आला, मुलींना घरी पाठवा. पाठवलं. पण तांड्यावरच्या पाचजणी दारातच उभ्या. आईबाप ऊसतोडीला गेलेले, घरांना कुलपं. कुठे पाठवणार? ठेवून घेतलं. संस्थेला दाखला लिहून दिला — ‘वसतिगृह रिकामे केले आहे. मीही गावी जात आहे.’ खाली माझी सही, ठसठशीत!

मला घर होतं. भाऊ अकोल्याला. पण मुलींसाठी राहिले. कर्तव्य.

ज्या बाईने सातच्या घंटेला रजिस्टरातली सही चुकली म्हणून मुलींना ताटावरून उठवलं, तिचा हा दाखला.

२० जानेवारी

वसतिगृहातली यूसरा आली. किन्हीराजा गावची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. माझी अकरा पानं तिनेच टाइप केली होती.

‘मॅडम, खरं हाये का? जूनपासून रूम नाही म्हणते.’

खरं आहे, म्हटलं.

‘मह्यं तं होऊन जाईन. लहान बहिणीचं काय? प्रॅक्टिकल संपेपर्यंत शेवटची गाडी निघून जाते. अब्बा आत्ताच म्हणून राह्यले, तिले घरीच राहू दे.’ मग थांबून म्हणाली, ‘तुमी असत्या तं हे झालंच नसतं. पाच मिनिटं लेट झालं तं उपाशी ठेवत होत्या म्हणे तुमी!’

हसली. मला हसू आलं नाही. ज्या वाक्याने रूम जाते आहे ते तिनेच टाइप केलं, हे तिला ठाऊक नाही. सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

वसतिगृहात आज अडतीस मुली आहेत.

२२ जानेवारी

हरिसिंगला फोन केला. म्हटलं, नववं पान दुरुस्त करायचं आहे.

 अगदी गोड आवाजात — ‘करा ना. पन मंग तवाचा दाखला खोटा, बरं का. खोटा दाखला देनाऱ्या रेक्टरची पेन्शन कशी काय चालू हाये, असं कोनी इचारलं तं मी काय सांगू? आनि पुरावा? हाये का काही?’

फोन मीच ठेवला.  

२३ जानेवारी

पुरावा होता. मीच २००५च्या मे महिन्यात जाळायला सांगितला.

२५ जानेवारी, रविवार

शेलूबाजारला जाऊन आले. जीपमध्ये दाटीवाटीने, गुडघे हनुवटीला.

अमिरुन्निसा आमच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं होती. मुली तिला खाला म्हणत. आता मुलाच्या बांगड्यांच्या दुकानामागे राहते. नजर अधू झालीय, जीभ नाही.

‘या बाई! आज कोनाले उपाशी ठेवाले आल्या?’

विचारलं. कॅलेंडरं जाळलीस ना?

ती उठली. पलंगाखालची पेटी ओढली. चादरींच्या तळातून दोन कॅलेंडरं काढली, २००४ आणि २००५. प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात सह्या.

‘तुमीच तं म्हनत होत्या, सही नाही तं पोळी नाही. रजिस्टर तुमी कुलपात टाकलं. पोरी म्हने, खाला, सही कुठी करू? म्या भिंतीवरचं कॅलेंडर पुढं केलं.’

जाळायला सांगितलं होतं!

‘सांगतलं होतं. तेवढं एकच नाही आयकलं तुमचं.’ मार्चच्या पानावर बोट ठेवलं. कोपऱ्यात वाकडंतिकडं — अमिरुन्निसा. ‘त्या पाचजणींतल्या रीतानं शिकवली. मही पयली सही हाये, बाई. चुलीत टाकू का?’



मग तिने नोव्हेंबर उलटला. त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात. ईदला तिने पाचहीजणींना तीन दिवस इथे आपल्या घरी आणलं होतं. मलाही म्हणाली होती. मी म्हटलं होतं, भाऊ वाट बघतोय, अकोल्याला जाते.

त्या तीन चौकोनांत एकेकच सही आहे. माझी. वि. मा. दे.

‘तुमी तं अकोल्याले गेल्ता ना, बाई?’

मी पान झाकलं.

‘जाऊ द्या,’ ती म्हणाली. ‘शिरखुर्मा म्या तवाच तुमच्यासाठी डब्यात आनला होता. उगाच नाही.’

मी कुठेच गेले नव्हते, हे एकवीस वर्षं हिला माहीत होतं!

२७ जानेवारी

जेवण जात नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

रीताचा फोन लागला. नाशिककडे शाळेत शिकवते. बाकीच्या चौघींचे नंबर तिच्याकडे आहेत. पाचहीजणी लिहून देतील.

‘मॅडम, तुमाले तरास होईन ना पन?’

तू सही कर, म्हटलं. वेळेवर.

तिला कर्तव्यदक्ष वगैरे म्हणायचं होतं, मी मध्येच तोडलं. भावाने त्या दिवाळीला बोलावलंच नव्हतं. त्याआधीच्याही नाही. लग्न मोडून आलेली बहीण सणाला नको होती त्यांना. आदेश आला तेव्हा मुलींआधी मनात आलं होतं, मी कुठे जाऊ, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

३१ जानेवारी

यूसराला बोलावून नववं पान पुन्हा टाइप करून घेतलं. ते वाक्य माझं होतं आणि खोटं होतं, हेही सांगितलं.  जाताना पाया पडली. असलं मला चालत नाही, तरी पडली.

२ फेब्रुवारी, सोमवार

प्रतिज्ञापत्र दिलं. कॅलेंडरं टेबलावर ठेवली. वकील एकेक पान उलटत गेला आणि मग त्याने आपली फाइल मिटली. हरिसिंगने कागद दोनदा वाचला. ‘मॅडम, पोरी तं पाच होत्या म्हणता. राहनाऱ्यांची नावं सहा कशी?’

शेवटचं माझं, म्हटलं. मलाही दुसरीकडे घर नव्हतं.

घरी आले. दोन पोळ्या केल्या आणि खाल्ल्या.